सुगंधाची पाव गोळी

आमच्या वाडीत बाळाला गुणी म्हणवून घ्यायचं, तर त्यानं एकच पथ्य पाळायचं असे. रडायचं नाही. रंग, नाक, जावळ यांची चर्चा त्यानंतर. बायका पहाटे मिठागरावर जात. मीठ ओढून ढीग लावेपर्यंत ऊन डोक्यावर येई, आणि बांधावर पाल्याच्या मांडवात टांगलेल्या झोळीतून रडं ऐकू आलं की हातातलं काम टाकून धावावं लागे. तेवढ्या वेळात शेजारणीचा ढीग वाढे आणि मुकादमाच्या कपाळावर आठी पडे. त्यामुळे माझी धाकटी बहीण सुगंधा जन्मली आणि रडलीच नाही, तेव्हा आमच्या घराचा हेवा सगळ्या वाडीनं केला. ती निजे. उठवून पाजावं लागे, पिता पिता पुन्हा निजे. माझी आत्या येईल त्याला सांगे, "आमची पोर देवानं घडवून पाठवली गो. रडत नाय, रुसत नाय." आत्या माझ्या वडलांची थोरली बहीण. नवऱ्याचं घर सोडून आली ती कायमची, आणि आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. मीठ ओढण्यात पुरुषांना मागं टाकी आणि बोलण्यात कोणालाही.

पेणच्या खाडीकडच्या अंगाला आमची वाडी. एका बाजूला खारेपाटातली भातखाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं, मध्ये बांध, आणि भरतीचं पाणी अडवणाऱ्या लाकडी उघाड्या. ओहोटीला उघाडीतून पाणी सुटलं की त्याचा घळघळ आवाज घरात ऐकू येई. त्या आवाजावर बायका वेळ ओळखत. घरात तांदळाची भाकरी, सुकट, नशीब असेल त्या दिवशी खाडीच्या चिखलातल्या निवटी माशांचं कालवण. आई रोह्याकडची, आतल्या भातगावातली. तिच्या माहेराहून वालाचं गाठोडं येई, आणि ते आलं की सगळ्या वाडीत बिरड्याचा वास सुटे, कारण आमच्याकडे घरात काही नवं आलं की त्यातलं थोडं शेजारीपाजारी पोचवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नसे. त्याला वाणवळा म्हणतात. वाट्यांवर फडकी झाकून दारोदार फिरायचं काम माझ्याकडे होतं, आणि रिकामी वाटी कोणी परत करत नसे, म्हणून मला ते आवडेही.

आणखी एक रीत होती, ती मात्र आता सांगताना अंगावर काटा येतो. एकाच सुमारास दोघी बाळंत झाल्या तर त्यांनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही आणि बाळं समोरासमोर आणायची नाहीत. बाळं बसायला लागेपर्यंत हे पाळायचं. एकाची वाढ दुसऱ्याला लागते, असं सगळे मानत. आमच्या शेजारच्या हिरूवहिनीला सुगंधाच्या आगेमागेच मुलगा झाला होता, जना. दोन घरांच्या मध्ये एक कुडाची भिंत. जना पलीकडे गळा काढी आणि अलीकडे आमची सुगंधा शांत. आत्या कुडाकडे पाहून समाधानानं मान हलवी. दोन बाळं शेजारी ठेवून पाहावीत असं कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मी पुढं रोह्याला आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निरीक्षण म्हणजे काय ते मुलांना सांगताना मला नेहमी तो कूड आठवे.

सुगंधाला दवाखान्यात नेलं ते ती निजते म्हणून नव्हे, तिला शौचाला होत नव्हतं म्हणून. एरंडेल देऊन झालं, विड्याच्या पानाचं देठ लावून झालं. पोट टम्म, बेंबी वर आलेली. शेवटी आई तिला घेऊन निघाली आणि सोबतीला मला घेतलं. मी आठवीत होते आणि पेणच्या शाळेत जात असल्यामुळे शहरात कसं बोलायचं ते मला कळतं, असा घरात समज होता. पेणच्या रामवाडीला डॉक्टर सबनीसबाईंचा दवाखाना होता. ठेंगण्या, नऊवारी सोडून नुकत्याच पाचवारीत आलेल्या असाव्यात अशा, निऱ्या सतत पायात येणाऱ्या बाई. बोलणं भराभर, पण हात सावकाश. त्यांनी सुगंधाला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं, टाळूवर बोटं फिरवली. मग आईला विचारलं, "रडते का?"

आईला हा प्रश्न आवडला. ती हसून म्हणाली, "नाय हो बाई, लय गुणी हाय. दिवसभर निजून असते."

सबनीसबाईंनी मान वर केली आणि त्या आईकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी सुगंधाच्या तळपायावर टिचकी मारली. एकदा, दोनदा, जरा जोरात. आईचा हात पुढं आला होता, तो मीच धरला. तेव्हा सुगंधा रडली. तो आवाज घोगरा होता, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं कण्हावं तसा, आणि लगेच थांबला. बाईंनी तिची हनुवटी खाली करून जीभ दाखवली. ती जाड होती आणि तोंडात मावत नव्हती. हाताला कातडी गार लागत होती. हे सगळं आम्ही रोज पाहत होतो. गार अंग म्हणजे थंडीचे दिवस, आणि जीभ बाहेर म्हणजे लाडिक पोर, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

आत्ता हाती वालाचा दाणा असता तर बरं झालं असतं, असं बाई मला म्हणाल्याचं आठवतं. "गळ्यात, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना, वालाच्या दाण्याएवढे दोन तुकडे असतात या वयात. ती एक ग्रंथी. तिला थायरॉईड म्हणतात, तुझ्या पुस्तकात अवटू लिहिलं असेल. ती एक रस तयार करते. तो रस रक्तात मिसळतो आणि अंगभर जातो. तो मिळाला तर आतडी हलतात, अंग गरम राहतं, हाडं लांबतात. आणि या वयात मेंदू वाढतो तो त्याच्याच जिवावर. हिच्या गळ्यात ती ग्रंथी बहुतेक तयारच झालेली नाही." हाडांची वाढ पाहायला बाईंनी गुडघ्याचा एक्स-रे काढून आणायला सांगितला, रक्त मुंबईला पाठवलं, पण उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी गोळी सुरू केली. रोज सकाळी पाव गोळी, कुस्करून, आईच्या दुधात, उपाशी पोटी. आई म्हणाली, "मग बरी होईल ना?" बाईंनी खोटं सांगितलं नाही. "शरीर मागं राहिलं असलं तर ते धावत येईल. मेंदूचं तसं नाही, त्याचे गेलेले दिवस परत मिळत नाहीत. किती गेलेत ते मला आज सांगता येणार नाही. पण आजपासूनचे वाया घालवायचे नाहीत."

घरी आल्यावर वडलांचा पहिला प्रश्न निराळाच होता. ते ओटीवरून उठले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, आपल्या मिठाचा दोस तं नाय ना?" कोणी तरी त्यांना सांगितलं होतं की गळ्याच्या आजाराचा मिठाशी संबंध असतो. जन्मभर मीठ पिकवणाऱ्या माणसाला ही शंका किती खोल लागली असेल. पुढच्या खेपेला मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ग्रंथीला रस करायला आयोडीन लागतं हे खरं, आणि समुद्राच्या पाण्याचं असूनही खडेमिठात ते फारसं उरत नाही हेही खरं. पण तुम्ही खाडीची मासळी खाता, आणि कच्चा माल कितीही दिला तरी कारखानाच नसेल तर काय करणार? दोष कोणाचाच नाही. वडलांना हे सांगितलं तेव्हा त्या रात्री ते पोटभर जेवले.

गोळीनं काम केलं, आणि तिथंच घोळ झाला. थोड्याच दिवसांत सुगंधाचं पोट साफ होऊ लागलं, हातपाय ऊबदार झाले, आणि ती रडायला लागली. साधंसुधं नव्हे. भुकेला रडे, ओलं झालं की रडे, झोळीत घातलं की रडे, काढलं की रडे. आई मिठागरावर गेली की बांधावरून हाका येत, "तुजी पोर कोकलतेय गो." आई धावे. शेवटी तिला घरीच राहावं लागलं, आणि मीठ ओढायच्या ऐन दिवसांत घरातले दोन हात कमी झाले. वाडीतल्या बायका येऊन सुगंधाकडे पाहत आणि हळहळत. एवढं गुणी बाळ, आणि डॉक्टरनं काय करून ठेवलं. आत्यानं एका सकाळी गोळ्यांची बाटली उचलून वर फळीवर ठेवली आणि म्हणाली, "बास झाला. औषद देऊन चांगली पोर बिगडवली." आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं होतं. सुगंधा पुन्हा शांत होत गेली, आई कामाला लागली, आणि घराला हायसं वाटलं.

ठरल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो नाही, म्हणून सबनीसबाई आमच्याकडे आल्या. रस्ता मिठागराच्या नाक्यापर्यंतच होता. पुढं बांधावरून चालायचं, आणि आदल्या भरतीनं बांध निसरडा झालेला. मी ओटीवरून पाहिलं, तर एका हातात चपला, दुसऱ्या हातात वर धरलेल्या निऱ्या, आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल अशा बाई येत होत्या. मुंबईहून रक्ताचा निकाल आला होता आणि तो त्यांच्या अंदाजासारखाच होता. त्या ओटीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि सुगंधाला मांडीवर घेतलं. पाहताक्षणी त्यांना कळलं. "गोळी कधी थांबवली?"

आत्या उंबऱ्यात उभी होती. "मी थांबवली. तुमच्या गोलीनं पोर रातदीस रडाची."

"रडत होती ना? त्याच्यासाठी तर दिली होती."

"तुमाला बरं वाटतं बाय. आमी मिठावर कवा जावाचं?"

बाईंनी उलट उत्तर दिलं नाही. हे मला फार मोठं वाटतं. शिकलेल्या माणसानं अशा वेळी आवाज चढवलेला मी पुढं पुष्कळदा पाहिला, आणि त्याचा उपयोग झालेला कधी पाहिला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "वाडीत हिच्याच वयाचं दुसरं बाळ आहे का? जरा घेऊन या इथं." तोपर्यंत अंगणात चारदोन बायका जमल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "तं जमाचं नाय. दोगांची तोंडं एकमेकांना दाखवाची नसतात." बाईंना ही रीत माहीत असावी. त्यांनी आग्रह केला नाही, फक्त उठल्याही नाहीत. सुगंधा त्यांच्या मांडीवर झोपली होती, जीभ ओठांबाहेर. तेवढ्यात कुडाच्या पलीकडून हिरूवहिनी आली. पदराखाली जना होता. कोणी तरी म्हणालं, "हिरू, मागं फिर." ती आमच्या ओटीच्या पायरीवर चढली आणि म्हणाली, "पोर माजं हाय. तिची पोर बरी व्हत असंल तं माज्या पोराची जराशी वाढ गेली तरी चालंल." हे ती खरोखर मानत होती. आपल्या मुलाच्या वाढीतला वाटा द्यायला ती बाई आली होती, आणि तिच्या त्या दोन वाक्यांपुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात.

एकाच गोधडीवर दोघं ठेवली. जनानं आल्याआल्या पाय झाडले, मूठ तोंडात घातली, मान वळवून आपल्या आईला शोधलं. सुगंधा जशी ठेवली तशी पडून राहिली. बाईंनी एक वाटी आणि चमचा मागितला आणि जनाच्या कानाशी वाजवला. तो दचकून वळला आणि हसला. मग सुगंधाच्या कानाशी वाजवला. काही नाही. पुन्हा वाजवला. आत्या खाली बसली, बाईंच्या हातातून वाटी घेतली आणि स्वतः वाजवायला लागली, हळू, मग जोरात. "सुगंधा. ए पोरी. बघ हिकडं." तिचा आवाज फाटला. मी आत्याला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं सुगंधाचे डोळे सावकाश वाटीकडे सरकले. आत्या म्हणाली, "हालले. डोले हालले."

"हो," बाई म्हणाल्या, "थोडे दिवस गोळी पोटात गेली, त्याची ही कमाई." मग त्यांनी अंगणातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं. तुमच्याकडे घरात काही नवं झालं की तुम्ही दारोदार वाणवळा पाठवता. शरीरातल्या ग्रंथी तेच करतात. ही गळ्यातली, एक मेंदूच्या खाली, दोन मूत्रपिंडांवर बसलेल्या, अशा ठिकठिकाणी आहेत. प्रत्येकीचा जिन्नस निराळा. त्याला डॉक्टर हार्मोन म्हणतात, पुस्तकात संप्रेरक. ग्रंथी तो स्वतःजवळ ठेवत नाही, रक्ताच्या हाती प्रत्येक अवयवाच्या दारी पाठवते, आणि तो आला की त्या त्या घरचं काम सुरू होतं. रडणं हेसुद्धा काम आहे. या पोरीच्या गळ्यात वाणवळा पाठवणारं घरच नाही, म्हणून तो आपण बाहेरून द्यायचा. "कुठवर?" आत्यानं विचारलं. "जन्मभर. आणि ती वाढेल तशी गोळी वाढवायची." मी पुढं वर्गात हा धडा कितीदा शिकवला. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी कमी पडलेल्या ग्रंथीला कसा तगादा लावते, स्वादुपिंड साखरेचं काय करतं, सगळं सांगितलं. आकृत्या काढल्या, रंगीत खडू झिजवले. पण त्या ओटीवर पाचवारीच्या निऱ्या चिखलात भिजवून बसलेल्या बाईंनी जे सांगितलं, त्याहून स्वच्छ मला कधी सांगता आलं नाही. आता काही दवाखान्यांत बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा आजार लगेच ओळखतात. ते ऐकलं की मला फार बरं वाटतं.

त्या दिवसापासून गोळी आत्याची झाली. पहाटे कामाला निघण्याआधी ती सुपारीच्या अडकित्त्यानं गोळीचे चार सारखे तुकडे करी. सबनीसबाईंनी ते पाहिलं आणि त्या म्हणाल्या, माझ्या कंपाउंडरचं इतकं नीट होत नाही. हिरूवहिनीनं जनाबरोबर सुगंधाची झोळीही आपल्या नजरेखाली घेतली, म्हणजे आईला मिठागरावर जाता आलं. दोघं एकदम रडली की बांधावरचे लोक कानावर हात ठेवत, आणि आत्या त्यांना सुनावे, "रडू दे. तुमच्या घरचं खात नाय." एका पावसाळ्यात पेणच्या दुकानात गोळ्या संपल्या. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि एसट्या बंद होत्या. माझ्या मामानं रोह्याच्या दुकानातून बाटली घेतली आणि पाणी उतरल्यावर निघालेल्या पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिली. त्या भल्या माणसानं ती खाकी शर्टाच्या खिशात ठेवून पेणपर्यंत आणली, आणि डेपोत उभ्या असलेल्या माझ्या वडलांना दिली, वर विचारलं, "पोर कशी हाय?" त्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं.

सुगंधा उशिरा बसली, उशिरा चालली, बोलायला तर इतका उशीर केला की आईनं आशा सोडली होती असं मला वाटतं. आई तसं बोलत नसे. पण सुगंधा खेळत असली की आई हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहत राही, आणि तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न असे. हिच्या डोक्यातलं किती गेलं? बाई दर खेपेला उंची मोजत, आणि डोक्याबद्दल म्हणत, "वाट पाहू." शाळेत घालायची वेळ आली तेव्हा जना आदल्या वर्षापासूनच शाळेत जात होता. आमच्याकडे कोणाच्या जन्माचे दाखले नसत. मुलाचं वय झालं की नाही हे पाहायची गुरुजींची पद्धत अशी होती की उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाती लागला तर मूल शाळेचं, नाही तर पुढच्या वर्षी या. आईनं सुगंधाला नवं परकर-पोलकं घातलं होतं, आत्यानं तेल चोपडून वेण्या घातल्या होत्या, आणि आम्ही तिघी तिला घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभ्या होतो. गुरुजींनी सांगितलं, "कान धर पाहू."

सुगंधाचे हात आखूड होते. तिनं हात डोक्यावरून नेला, टाचा उंचावल्या, खांदा ताणला. बोटं कानाच्या वर हवेत राहिली. गुरुजी चांगले होते, ते हळूच म्हणाले, "लहान आहे अजून. पुढच्या वर्षी आणा." आत्या काही बोलणार होती, तिला आईनं दंडाला धरून थांबवलं. आई सुगंधाकडे पाहत होती. सुगंधानं हात खाली घेतला नव्हता. तिनं आधी गुरुजींकडे पाहिलं, मग जरा विचार केला, आणि मग मान वाकडी करून डोकं उजव्या खांद्याकडे झुकवलं, अगदी झुकवलं, इतकं की तिचा डावा कान आपला आपण वर येऊन तिच्या बोटांत बसला. तो घट्ट धरून ती म्हणाली, "हात नाय पुरत गुरुजी. मी कान आनला."

गुरुजी हसले, खळखळून हसले, आणि आत जाऊन तिचं नाव घालायला लागले. बाहेर येऊन पाहतात तो आई व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली, पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडत होती. ते गोंधळले. "अहो बाई, रडता का? घेतली की तिला."

आईनं पदर काढला. "तिला सुचलं, गुरुजी," ती म्हणाली. "कोणी सांगितलं नाय. तिचं तिला सुचलं."